हेडीसचं काय चुकलं?

हॉलिवुडच्या ॲक्शनपटांत ग्रीक देव एकमेकांना धुऊन काढतात आणि मृत्यूच्या देवाच्या वाट्याला कायम व्हिलनचा रोल येतो. असं का? हा प्रश्न मला पडलाच नव्हता. तो पडला कुर्डुवाडीच्या माझ्या आजीला!

शुक्रवारी एक डेडलाइन कशीबशी गाठली आणि पुण्याहून संध्याकाळची हुतात्मा एक्स्प्रेस पकडली. प्लॅन एकदम सिंपल होता. कुर्डुवाडीला आजीकडे जायचं, दोन दिवस फोन सायलेंटवर टाकायचा, ज्वारीची कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि भरपूर झोप. वीकएंडचं याहून भारी पॅकेज मला तरी माहीत नाही.

पण शनिवारी संध्याकाळी टीव्हीचा रिमोट छोटूच्या हातात होता. छोटू म्हणजे धाकट्या काकांचा मुलगा, वय वर्षं सात. त्याच्या हातात रिमोट, म्हणजे विषय संपला! कुठल्याशा चॅनेलवर 'क्लॅश ऑफ द टायटन्स' चालू होता, हिंदी डबिंगमध्ये. पडद्यावर काळ्या धुराचा लोट आला, त्यातून काळा झगा घातलेला, दाढीवाला, खोल गेलेल्या डोळ्यांचा एक माणूस बाहेर पडला आणि घोगऱ्या आवाजात धमक्या द्यायला लागला. आजी शेजारी गवारी निवडत बसली होती. तिनं चष्मा वर केला.

''ह्यो कोन गं?''

''हा हेडीस, आजी. मेलेल्या माणसांचा देव. व्हिलन आहे.''

''म्हंजे यम?''

''हो, तसाच.''

''मग त्यानं काय वंगाळ केलंय?''

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. खरंच, काय केलंय बरं यानं? मी मास कॉमची पोरगी. 'हिरोज जर्नी'वर वर्गात पंचवीस मिनिटांचं प्रेझेंटेशन दिलेली. हा पिक्चर तर मी शाळेत असल्यापासून तीन-चारदा बघितलाय. पण तो काळ्या कपड्यांत आहे, धुरातून येतो आणि जिथे जातो तिथे गिटार-ड्रमचा धडाका सुरू होतो, यापलीकडे त्याच्याविरुद्ध एकही पुरावा मला आठवेना.

तेवढ्यात छोटूनं टीव्हीवरची नजर न हलवता विचारलं, ''आजी, आबांना पण यानंच नेलं का?''

गवारीच्या शेंगा मोडण्याचा आवाज थांबला.

आबा म्हणजे आमचे आजोबा. कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये त्यांची उभी नोकरी झाली. गेल्या दिवाळीनंतर ते गेले. तेव्हापासून छोटू लाइट बंद केला की झोपत नाही, असं काकू मला स्टेशनवरून घरी येताना सांगत होती. ''कशाला घाबरतो, ते काही सांगत नाही गं,'' असंही म्हणाली होती. आता कळलं. पोरगं काळ्या धुराला घाबरत होतं.

त्या रात्री मी लॅपटॉप उघडून बसले. फोन सायलेंटवर, पण झोप गायब!

काम एकाचं, बिल दुसऱ्याच्या नावावर

आधी हा पिक्चर घेऊ. २०१०चा, दिग्दर्शक लुई लेतेरिए. पर्सियसच्या रोलमध्ये सॅम वर्दिंग्टन, झ्यूस झालाय लिआम नीसन आणि हेडीस राल्फ फाइन्स. ('हॅरी पॉटर'मधला व्हॉल्डेमॉर्टही तोच. कास्टिंगमध्येच निकाल लागलेला आहे.) 'अवतार'च्या यशानंतर घाईघाईनं थ्रीडी करून आणलेला हा पिक्चर समीक्षकांनी धू-धू धुतला आणि तरी त्यानं जगभरात ४९ कोटी डॉलरच्या आसपास गल्ला जमवला. यात गोष्ट अशी की अर्गोस नगरीची माणसं देवांविरुद्ध बंड करतात, हेडीस त्यांना धडा शिकवायला समुद्रातून क्राकेन नावाचं महाकाय जनावर सोडायची धमकी देतो, शिवाय त्याला भावाला म्हणजे झ्यूसला गादीवरून खाली खेचायचंय.

आता मूळ ग्रीक गोष्ट ऐका. कॅसिओपिया नावाची राणी बढाई मारते, की समुद्रातल्या अप्सरांपेक्षा आपलं रूप सरस आहे. समुद्राचा देव पोसायडन चिडतो आणि राक्षसी जलचर पाठवतो. तो शांत व्हावा म्हणून राजकन्या अँड्रोमीडाला खडकाला बांधतात, पर्सियस येतो आणि तिला सोडवतो. या सगळ्यात हेडीस कुठे आहे? कुठेच नाही! उलट पर्सियस मेड्युसाला मारायला जातो तेव्हा त्याच्या डोक्यावर जी अदृश्य करणारी टोपी असते ती हेडीसचीच. म्हणजे मूळ गोष्टीत गडी हिरोला सामान पुरवणाऱ्यांच्या यादीत आहे. सिनेमात पोसायडनला जेमतेम काही सेकंदांचं काम आहे आणि त्याच्या खात्यातलं सगळं पाप भावाच्या नावावर चढवलंय. ऑफिसमध्ये असला अनुभव तुम्हाला आला असेलच. मेल एकानं पाठवायचा आणि बोलणी दुसऱ्यानं खायची.

आणि तो क्राकेन? तो मुळात ग्रीक नाहीच, नॉर्वेकडच्या दंतकथांतून उचललेला आहे. पण ही आयात २०१०ची नाही. ती १९८१च्या जुन्या 'क्लॅश ऑफ द टायटन्स'पासूनची, आणि त्या पिक्चरला मी सगळं माफ करायला तयार आहे. कारण त्यातली जनावरं रे हॅरीहाउसेननं केली होती. हाताएवढ्या बाहुल्या एका फ्रेमला केसभर हलवायच्या, फोटो काढायचा, पुन्हा हलवायच्या. त्याच्या १९६३च्या 'जेसन अँड द आर्गोनॉट्स'मध्ये सात सांगाडे तीन माणसांशी तलवारीनं लढतात. काही मिनिटांचाच सीन, पण तो करायला चार महिन्यांवर वेळ गेला होता. आजही बघा, अंगावर काटा येतो. गंमत म्हणजे १९८१च्या त्या पिक्चरमध्ये हेडीस व्हिलन नव्हता. तिथे लॉरेन्स ऑलिव्हिए हा झ्यूस, मॅगी स्मिथ ही थेटिस, आणि भांडण दोन पालकांचं. तुझ्या मुलाला एक न्याय आणि माझ्या मुलाला दुसरा का, हा थेटिसचा प्रश्न. कुठल्याही सोसायटीच्या गेटवर चालणारं भांडण, फक्त ऑलिम्पस पर्वतावर!

मग हेडीसचं नशीब फिरलं कधी? माझ्या पिढीपुरतं बोलायचं तर डिस्नेचा १९९७चा 'हर्क्युलिस' बघा. तिथे हेडीस निळ्या ज्वाळांच्या केसांचा, तोंडाळ, कपटी. बाळ हर्क्युलिसला मारायला टपलेला. आणि झ्यूस-हेरा म्हणजे प्रेमळ आईबाबा. मूळ गोष्टीत हर्क्युलिस हेराचा मुलगाच नाही! तो झ्यूसला आल्कमीन नावाच्या माणसाच्या लेकीपासून झालेला, आणि त्याच्या पाळण्यात दोन साप सोडणारी हेराच. बाळानं ते साप दोन मुठींत आवळून मारले. पूतनेची गोष्ट ऐकत वाढलेल्या आपल्याला यात नवल वाटायचं कारण नाही. पण डिस्नेला 'हॅपी फॅमिली' हवी होती. त्यामुळे सावत्र आईचा गुन्हा काकाच्या माथी!

झ्यूस, वॉशिंग मशीनमधून काढलेला

हेडीस काळा व्हायचा तर कुणीतरी पांढरं व्हायला लागतं. तो मान अर्थातच झ्यूसचा. लिआम नीसन चकचकीत चिलखतात, अंगातून उजेड पडतोय, पोटच्या पोराची काळजी करतोय. 'असे बाबा हवेत!' असं वाटावं. मूळचा झ्यूस म्हणजे आपला इंद्र. हातात वज्र, स्वर्गाची गादी आणि परक्या बायकांच्या बाबतीत रेकॉर्ड तोच. कुठे बैल होऊन जातो, कुठे राजहंस होऊन, आणि पर्सियसच्या आईकडे तर सोन्याच्या पावसाच्या रूपानं. अहल्येची गोष्ट माहीत असलेल्या माणसाला झ्यूस समजावून सांगावा लागत नाही. म्हणून तर आपल्याकडे इंद्र देवांचा राजा असला तरी त्याचं देऊळ शोधत फिरावं लागतं.

अर्थात हेडीस काही धुतल्या तांदळाचा नाही. त्यानं पर्सेफोनीला फुलं वेचताना पळवून नेलं, तिला डाळिंबाचे दाणे चारले आणि वर्षातले काही महिने तरी पाताळातच राहावं लागेल अशी तिची अवस्था केली. त्या पोरीच्या आईनं, डिमीटरनं, दुःखानं सगळी पिकं करपवून टाकली. हा गुन्हा खरा, आणि गंभीर. (परवानगी मात्र पोरीच्या बापानं दिली होती. बाप कोण? झ्यूस!) गंमत अशी की हेडीसला रंगवायला काळा रंग एवढा हाताशी असताना हे मोठे ॲक्शनपट नेमकी तीच गोष्ट बाजूला ठेवतात. त्यांना त्याच्याकडून हवं असतं ते एकच, सत्ता. तीन भावांनी चिठ्ठ्या टाकल्या, झ्यूसला आकाश निघालं, पोसायडनला समुद्र आणि हेडीसला पाताळ. होमरच्या 'इलियड'मध्ये हे खुद्द पोसायडन सांगतो. २०१०च्या सिनेमात याचं काय होतं, तर झ्यूसनं हेडीसला फसवून पाताळ गळ्यात मारलं, म्हणून तो सूड घ्यायला निघालाय. वाटणीवरून दोन भावांची केस! आमच्या माढा तालुक्यात हा प्लॉट कुणालाही पटेल. पण ग्रीकांचा हेडीस वाटणीवर नाराज असल्याचं कुणी फारसं सांगत नाही. तो आपला गप्प आपलं काम करत बसलेला.

ग्रीक लोक त्याला घाबरायचे हे खरं. इतके, की त्याचं नाव घेणं टाळायचे आणि त्याला 'प्लूटन' म्हणायचे, म्हणजे संपत्ती देणारा. धान्य जमिनीतून येतं, सोनं-चांदी जमिनीतून येते आणि जमिनीखालचा मालक हा. वाईट शब्द तोंडातून काढायचा नाही, ही खोड आपलीही. आपल्याकडे बांगडी फुटत नाही, 'वाढवते'. रात्री सापाला साप म्हणत नाहीत, 'लांबडं' म्हणतात. आबा गेले त्या दिवशी घरात कुणीही 'मेले' हा शब्द उच्चारला नाही.

भीती आणि वैर यात फरक आहे, आणि सिनेमा नेमका तोच फरक पुसून टाकतो, असं मला रात्री दीडच्या सुमाराला वाटायला लागलं होतं. पडद्यावरचा हेडीस बघा ना. आग, धूर, काळोख, खाली नरक, वर स्वर्ग. हे ग्रीक नाहीच! ग्रीकांचं पाताळ धूसर, थंड, उदास. तिथे आग लावून बसलेला कुणी नाही. हा तर ख्रिस्ती सैतान, ग्रीक झगा घालून आलेला. हॉलिवुडला देव आणि सैतान अशी जोडी सवयीची. दोन तासांत गोष्ट संपवायची, शेवटी कुणाला तरी आपटायचं, मग त्या सैतानाच्या मापाचे कपडे कुणाला तरी चढवायचेच. हेडीस आयता सापडला.

ट्रॉयमध्ये देवच सुट्टीवर

२००४च्या 'ट्रॉय'नं तर कमालच केली. ब्रॅड पिटचा अकिलिस, तीन तासांच्या आसपासचं युद्ध आणि देव जवळपास गायब! ज्या महाकाव्यात देव रणांगणावर उतरून पक्षपात करतात, त्यातून देवच काढून टाकले. हरकत नाही, पण मग व्हिलनची जागा रिकामी राहिली. ती दिली अ‍ॅगमेम्नॉनला. आणि व्हिलन म्हटलं की शेवटी मार खायलाच हवा, म्हणून त्याला तिथेच ट्रॉयमध्ये मारून टाकला. मूळ कथेत तो जिंकून घरी जातो आणि घरीच मारला जातो. मेनेलाउसचीही तीच गत. पिक्चरमध्ये हेक्टर त्याला पहिल्या काही लढायांतच संपवतो, होमरकडे तो हेलनला घेऊन घरी जाऊन सुखानं म्हातारा होतो. म्हणजे ज्याची बायको पळाली त्याला शेवटी बायको परत मिळते आणि दोघं पाहुण्यांना जेवायला वाढतात. असा शेवट कुठल्या ॲक्शनपटाला परवडेल?

तरी 'ट्रॉय'मधला एक सीन मी कधीच फॉरवर्ड करत नाही. म्हातारा राजा प्रायम रात्री शत्रूच्या तंबूत येतो आणि ज्यानं आपला मुलगा मारला त्याच्या हाताचं चुंबन घेऊन मुलाचं प्रेत मागतो. पीटर ओटूलनं तो सीन अक्षरशः खाल्लाय. त्या दोन-चार मिनिटांत सिनेमात कुणीही व्हिलन उरत नाही. आणि तो सीन होमरचा आहे.

'वंडर वुमन'मध्ये (२०१७) युद्धाचा देव आरेस पहिल्या महायुद्धाच्या मागचा मास्टरमाइंड. 'इलियड'मध्ये याच आरेसला एका माणसाचा भाला लागतो आणि तो बोंब मारत झ्यूसकडे तक्रार करायला पळतो, वर बापाच्या शिव्या खातो! 'इमॉर्टल्स' (२०११) केला आपल्या जालंधरात जन्मलेल्या तरसेम सिंगनं, सोबत मुंबईची फ्रीडा पिंटो. डोळ्यांना मेजवानी, पण हायपेरियन, म्हणजे मूळचा सूर्याचा बाप, इथे माणसं चिरडत फिरणारा एक राजा झालाय. आणि 'राथ ऑफ द टायटन्स'मध्ये (२०१२) क्रोनस. हा क्रोनस कोण ठाऊक आहे? आपलं मूल आपल्याला पदच्युत करणार हे भाकीत ऐकून जन्मलेलं प्रत्येक पोर गिळणारा बाप. एक बाळ आई लपवते, ते दूर कुठेतरी दुधावर वाढतं आणि एक दिवस परत येतं. गोकुळाष्टमीला गोष्ट सांगावी तशी ही गोष्ट! कंसाच्या भीतीला चेहरा होता, संवाद होते. सिनेमातला क्रोनस म्हणजे लाव्हाचा डोंगर. त्याला डायलॉगच नाही. तेवढ्यातल्या तेवढ्यात एक बरं, की या दुसऱ्या भागात हेडीसला पश्चात्ताप होतो आणि दोघं भाऊ शेवटी एका बाजूनं लढतात. कुणाला तरी टोचणी लागली असावी.

आपल्याकडे राक्षसालाही देऊळ असतं

ग्रीक देव आपल्याकडे मल्टिप्लेक्समधून आले असं वाटत असेल तर कोल्हापूरला टाऊन हॉल म्युझियममध्ये जाऊन या. ब्रह्मपुरीच्या टेकडीवर १९४०च्या दशकात सापडलेली पोसायडनची ब्राँझची मूर्ती तिथली आहे. वीतभरही उंच नाही, वय मात्र अठराशे वर्षांच्या वर. आणि आमच्या कुर्डुवाडीहून बार्शीच्या पुढे गेलं की तेर लागतं. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक व्यापाऱ्यानं लिहिलेल्या 'पेरिप्लस'मध्ये 'तगर' म्हणून आलेलं शहर ते हेच. कुर्डुवाडी–बार्शी नॅरोगेज १८९७ साली सुरू झाली. त्याआधी दीड-दोन हजार वर्षं याच भागातून बैलगाड्या भडोचच्या बंदराकडे माल नेत होत्या, आणि तो माल घ्यायला येणाऱ्यांचा समुद्रदेव पोसायडन. सांगायचा मुद्दा, ओळख जुनी आहे.

पण आपली खासियत वेगळीच. आपण राक्षसाला मारतो आणि मग त्याच्यासाठी पायरी बांधतो. जेजुरीला जा. खंडोबानं मणी आणि मल्ल या दैत्यांना हरवलं. मणीनं मरताना आपला घोडा देवाला दिला आणि मागितलं काय, तर तुझ्या देवळात मला जागा दे. देवानं दिली! मल्लाचं तर नावच देवानं आपल्या नावात घेतलं, 'मल्हारी'. बळीला वामनानं पाताळात घातलं, तरी दिवाळीच्या पाडव्याला आपण राज्य मागतो ते बळीचंच. शेताच्या बांधावरचा शेंदूर लावलेला म्हसोबा आणि देवीनं मारलेला महिषासुर यांचं नातं डी. डी. कोसंबींनी १९६२च्या 'मिथ अँड रिअ‍ॅलिटी'त मांडलंय. एकीकडे तुळजापूरची भवानी महिषासुरमर्दिनी, दुसरीकडे त्याच मुलखात बांधाबांधावर म्हसोबा. आणि नवरात्राला भवानीचा उपवास करणारी माझी आजी वाटेत म्हसोबा दिसला की चप्पल काढते. तिला यात काहीच विसंगत वाटत नाही.

आपले पहिले पौराणिक सिनेमेही याच मातीतले. ख्रिस्ताच्या आयुष्यावरची फिल्म मुंबईत बघून दादासाहेब फाळक्यांच्या डोक्यात आपल्या देवांचे चित्रपट आले, १९१३ला 'राजा हरिश्चंद्र' झाला आणि १९१९ला 'कालिया मर्दन'. कृष्ण झाली होती त्यांची छोटी मुलगी मंदाकिनी. 'मर्दन' म्हटलं तरी कालियाच्या गोष्टीत कालिया मरत नाही, हे लक्षात घ्या! त्याच्या बायका हात जोडतात आणि कृष्ण त्याला सोडून देतो, फक्त हा डोह सोड म्हणतो. क्राकेनचा दगड होतो, कालियाची बदली होते. प्रभातच्या 'संत तुकाराम'मधला (१९३६) सालोमालो आठवा. व्हिलनच, पण त्याचं पाप काय, तर दुसऱ्याची कविता आपल्यापेक्षा चांगली आहे हे सहन न होणं. हे पाप तर आम्हा फ्रीलान्सर लोकांत सर्रास!

मग आता आपलं काय चाललंय? 'आदिपुरुष' (२०२३) आठवतोय? दिग्दर्शक ओम राऊत, आपला मराठी माणूस, 'लोकमान्य' आणि 'तान्हाजी'वाला. त्याच्या रावणाला पुष्पक विमानाऐवजी वटवाघळासारखं अजस्र जनावर मिळालं आणि सोन्याची लंका काळीकुट्ट झाली. प्रदर्शनानंतर संवादांवर एवढा गदारोळ झाला की ते बदलावे लागले. माझी तक्रार मात्र संवादांची नाही. कीर्तनात ऐकलेला रावण वेदविद्या जाणणारा, शिवाचा भक्त, वीणा वाजवणारा आणि तरीही चुकलेला. तो चुकतो म्हणून गोष्ट बोचते. वटवाघळावर बसलेला काळा माणूस चुकत नाही, तो जन्मतःच व्हिलन असतो. हेडीसचा झगा आता लंकेपर्यंत पोचलाय. यात हॉलिवुडला दोष देण्यात अर्थ नाही. मापं आपण स्वतः जाऊन देऊन आलोय.

हिरवा झेंडा

रविवारी सकाळी मी आजीला ऑर्फियसची गोष्ट सांगितली. गाणारा माणूस. बायको साप चावून जाते. हा तिच्यामागे पाताळात जातो, हेडीससमोर गातो आणि हेडीस विरघळतो. ''घेऊन जा तिला, पण वर पोचेपर्यंत मागे वळून बघू नकोस.'' तो बघतो. गेली.

आजी म्हणाली, ''सावित्रीनं बघितलं नसतं.''

मग हसली आणि म्हणाली, ''पर बघ, दोघांचा यम सारखाच. दोघंबी ऐकून घेत्यात.''

मी म्हटलं, आजी, छोटू घाबरतोय. त्याला वाटतं आबांना त्या काळ्या माणसानं ओढून नेलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, ''तुझे आबा म्हनायचे, गार्डानं हिरवा झेंडा दाखवला की गाडी हलती. गाडी गेली म्हनून गार्डाला कोन शिव्या देतं का?'' (गार्डला आता 'ट्रेन मॅनेजर' म्हणतात, हे तिला सांगायचा मोह मी आवरला.) तिचे डोळे कोरडे होते. माझे नव्हते.

पण सात वर्षांच्या पोराला झेंडा-बिंडा कसा पटावा? त्याला आजीनं वेगळंच सांगितलं. दुपारी त्याला मांडीवर घेऊन म्हणाली, ''यमाला एक भईन हाय. यमुना. भाऊबीजेला त्यो तिच्याकडं जेवायला जातो. ती त्याला ओवाळती. त्या दिवशी त्यो कुनाला न्यायला येत न्हाई. आन् धनतेरसला आपन दक्षिनेकडं तोंड करून दिवा लावतो का न्हाई? त्यो त्याच्याचसाठी.''

छोटू विचारात पडला. मग माझ्याकडे वळला.

''ताई, हेडीसला बहीण आहे?''

''तीन आहेत.''

''त्या बोलवतात त्याला जेवायला?''

मी रात्रभर वाचलेलं सगळं डोक्यात फिरवलं. हेस्टिया, डिमीटर, हेरा. डिमीटरच्या तर लेकीलाच यानं पळवलेलं. वर ऑलिम्पसवर मेजवान्या झडतात, तिथे याचं आसन नाही.

''नाही रे. कुणीच नाही बोलवत.''

''मग चिडणारच ना तो!''

संध्याकाळी मला पुण्याची गाडी होती, पण ती चुकवली. रात्री काकू लाइट बंद करायला गेली तर छोटू पांघरुणातून ओरडला, ''राहू दे, राहू दे!'' काकूनं माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, अरे, अजून घाबरतोस?

''घाबरत नाही. त्याला घर दिसायला पाहिजे ना. जेवायला यायचं असेल तर.''

बाजूच्या खोलीतून आजीचा आवाज आला, ''बंद कर रं त्यो लाइट! आपल्याकडं नगं, त्याला त्याच्या भईनीकडं जाऊ दे!''